शिंजीर आणि काचेच्या पंखांचा पतंग

मित्रांनो, मी एक जुनी, म्हातारी शिंजीर आहे. अंगठ्याएवढा जीव, वाकडी चोच, पिवळं पोट. कोकणात कसालजवळच्या एका गावात तुळसाबाई राहतात. त्यांच्या पडवीतल्या कपडे वाळवायच्या तारेला मी दर वर्षी कोळ्याच्या जाळ्यांनी घरटं विणते.

अंगणातल्या अबोलीवर एक पतंग यायचा. हिरवं अंग, काचेसारखे पंख. दिवसाउजेडी उडायचा, म्हणून पाहुणी आलेली मुलं त्यालाही पाखरूच समजत. पण आमच्यात फार फरक. मला रस प्यायला बहुधा फांदीवर टेकावं लागतं. तो हवेतच थांबून गुंडाळलेली सोंड उलगडायचा. त्याची मादी अंगणातल्याच अनंताच्या झाडाच्या पानांवर अंडी घालते आणि निघून जाते, पुन्हा बघायलाही येत नाही. मी मात्र पिल्लांना दिवसभर किडे भरवते. नुसत्या रसावर ती वाढत नाहीत.

गेल्या माघात काजू मोहरला होता आणि माझ्या घरट्यात दोन पिल्लं होती. तुळसाबाईंचा मुलगा सिद्धेश ढेकण्या किडीवर फवारणी करायला पाठीला पंप लावून निघाला.

“वारो सुटलोहा रे. आज औषध मारू नको,” तुळसाबाई म्हणाल्या.

“मोहोर करपता, आये. उद्या पंप मेळाचो नाय.”

वाऱ्याने फवारा अंगणात आणला. दुपारी पतंग अबोलीखाली उताणा पडून नुसता थरथरत होता. अनंतावरच्या अळ्या गळून पडल्या. किडे सुस्त झाले होते, पटकन सापडत होते. मी हरखून भरवत राहिले.

सकाळी दोन्ही पिल्लं ताठ झाली होती. मी किडा त्यांच्या तोंडाशी नेत राहिले. चोची उघडल्या नाहीत.

सिद्धेशही ओकून ओकून अंथरुणाला खिळला. उठला तेव्हा आईने त्याला घरट्याशी नेलं. त्याने पिल्लं तळहातावर घेतली.

“माका वाटला, ढेकण्योच मरतलो,” तो म्हणाला.

“औषधाक काय कळता, कीड कोण नि पाखरू कोण?”

यंदा अनंत फुलला, पतंग आला नाही. मी घरटं विणायला घेतलंय, पण कोळ्याची जाळीच मिळत नाहीत.

मित्रांनो, काजू जपा, तुमचं पोट त्यावर आहे. पण वारा असताना तरी फवारू नका. आमची पिल्लं काही पारखून खात नाहीत. आईची चोच दिसली की तोंड उघडतात.