बिनतेलाची भाजी

"हे जनावराले घाल!" म्हणत शालिग्रामनं ताट ढकललं. उकडलेला दोडका जमिनीवर सांडला. वच्छलाबाईनं तो हातानं गोळा केला, फडक्यानं जमीन पुसली आणि चुलीपाशी जाऊन बसली. आठ दिवसांतली ही चौथी वेळ.

तिचा नवरा शालिग्राम हा मेहकर भागातला नावाजलेला आचारी. तीस वर्षं लग्नाच्या पंगती त्याच्या हातचं जेवून तृप्त झाल्या होत्या. त्याच्या वांग्याच्या भाजीवर बोटभर तेल तरंगायचं, आणि पार दुसरबीडची माणसंही त्या तर्रीची आठवण काढायची. या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द झाले, पोट फुगलं. नागपूरकडून बदलून आलेल्या सरकारी डॉक्टरांनी वच्छलाबाईला बजावलं, "तेल, तूप, खोबरं, दाणे, सगळं बंद. सहा महिने."

"मंग चव कशी येईन, डॉक्टरसाहेब?"

"बाई, तुम्हांला चव हवी की माणूस?"

तिला माणूस हवा होता. पण माणसाला चव हवी होती. ती दोडका उकडायची, दुधी उकडायची, तो ढकलून द्यायचा. दिवसाकाठी अर्धी भाकर पोटात जात होती. हातपाय काडीसारखे झाले.

अशात एक दिवस त्याचा मदतनीस कारभारी भेटायला आला. वीस वर्षं तो शालिग्रामच्या कढया उचलत आला होता. येताना त्यानं एका लग्नातली तर्रीदार भाजी डब्यात आणली. वच्छलाबाई धुणं घेऊन पैनगंगेवर गेली होती. ती परतली तेव्हा डबा चाटूनपुसून रिकामा झाला होता.

"काऊन दिलं रे बावा?" तिनं एवढंच विचारलं.

"मालकानं मांगतलं, वहिनी. मले नाही म्हणता नाही आलं."

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. मग शालिग्रामची शुद्धच गेली. दोन दिवस वच्छलाबाई ओलं फडकं पिळून त्याच्या कपाळावर ठेवत बसली. डॉक्टर येऊन गेले. जाताना म्हणाले, "वाचले तर नशीब समजा."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडले. "भूक लागली," तो पुटपुटला.

वच्छलाबाई उठली. आजाऱ्याला काय करावं, हे सुचण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. हातांना जे ठाऊक होतं ते हात करत गेले. निखाऱ्यावर कांदा काळा होईपर्यंत भाजला. लसणाचा गड्डा राखेत खुपसला. कोरड्या तव्यावर जिरं आणि मूठभर जवारीचं पीठ खमंग भाजलं. सगळं पाट्यावर वाटून, शिजलेल्या चुक्याच्या भाजीत कालवलं आणि एक उकळी आणली. वास घरभर झाला.

शालिग्राम भिंतीला टेकून बसला. पहिला घास घेऊन थांबला. मग दुसरा घेतला. भाजी संपली तसा त्यानं वाडगा पुढं केला. तिनं पुन्हा वाढलं.

"तेल किती टाकलं?"

"थेंबबी नाही."

"खोटं नको बोलू. मी आचारी हाओ."

"कांदा भाजला, पीठ भाजलं. दुसरं काही नाही."

"कोनं शिकवलं तुले?"

"कोन शिकवीन?" वच्छलाबाई निखारे मागं ओढत म्हणाली. "तुम्ही लगनसराईत महिना महिना बाहेर राहत होते. घरी तेलाची बुधली कोरडी राहे. पोरी रिकामी भाकर खात नव्हत्या. मंग असं करत होती मी."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. लेकींची लग्नं होऊनही आता दहा वर्षं झाली होती.

"मले तं हे कधीच नाही वाढलं."

"तुम्ही घरी येत होते तवा शेजारून तेल आनत होती ना."

शालिग्रामनं वाडगा खाली ठेवला. मग म्हणाला, "तुह्यासाठी हाय ना भाजी?"

"हो, हाय."

त्यानं कष्टानं वाकून चुलीजवळची भाजीची गंजी आपल्याकडे कलती केली. तळाशी काही नव्हतं. त्यानं वाडगा तिच्यासमोर ठेवला. त्यात चार घास उरले होते. आपल्यातली अर्धी भाकर मोडून त्यानं त्यावर ठेवली.

नवऱ्यासमोर जेवायचं नाही या सवयीनं वच्छलाबाई भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली. शालिग्राम हात न धुता, तिचं जेवण होईस्तोवर तसाच बसून राहिला.