उघड्या पाठीचा हेडफोन आणि सत्यवतीआत्याचा धवला

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे आणि माझी पाठ उघडी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की कारखानावाले झाकण लावायला विसरले. विसरले नाहीत हो! माझ्या दोन्ही वाट्यांना बाहेरच्या बाजूने मुद्दाम बारीक जाळी ठेवलेली आहे. त्यामुळे आवाज आत कोंडत नाही. बंद खोलीतलं गाणं आणि अंगणातलं गाणं यांत फरक असतो ना, तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आता पाठ उघडी म्हटल्यावर माझ्यातलं गाणं थोडं बाहेर सांडतं आणि बाहेरची कावकाव थोडी आत येते. त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या आत केसाहून बारीक तारेचं वेटोळं आहे. ते इतकं हलकं आहे की गाणाऱ्याने मध्येच श्वास घेतला तरी मला तो ऐकवता येतो. पण त्याच तारेतून वीज काही सहजासहजी जात नाही. माझ्या खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘३०० ओहम’ असं छापलेलं होतं. त्याचा अर्थ असा, की मला नुसत्या फोनला जोडून भागत नाही. माझ्यासाठी बेताचा, शांत आणि तरी जोर कमी न पडणारा असा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. पण खोक्याचा तळ कोण वाचतो?

मला विकत घेतलं उरणजवळच्या एका गावातल्या अल्पेशने. अल्पेशचा धंदा साऊंडचा. आमच्या भागातली हळद तुम्ही पाहिली असेल, तर साऊंडचा धंदा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तिथे गाणं कानाने ऐकत नाहीत, छातीवर घेतात. टेम्पोवर स्पीकरची भिंत उभी राहते आणि शेजारच्या घरातली भांडी आपोआप नाचायला लागतात. अशा माणसाच्या हाती मी पडलो. माझं कौतुक कुठेतरी वाचून त्याने मोठ्या हौसेने मला मागवलं, फोनला जोडलं आणि त्याचं तोंड उतरलं.

“आयला, हा तं मेलेला पीस दिला रे!”

मी मेलो नव्हतो, उपाशी होतो. फोनची ताकद माझ्या बारीक तारेला पुरत नव्हती, म्हणून आवाज कसाबसा, फिका फिका येत होता. मग त्याने मला हळदीच्या मंडपात नेलं. तिथे त्याचेच स्पीकर माझ्या जाळीतून आत घुसले आणि मी काय बोलतो ते मलाच कळेना. शेवटी त्याने स्पीकरच्या भिंतीला चालवणारा दांडगा अ‍ॅम्प्लिफायर पुढे ओढला आणि मला त्याला जोडलं. मित्रांनो, तो क्षण आठवला की अजून माझी तार थरथरते. कानठळ्या बसवणारा एक ठोका, मागून भुंग्यासारखी गुणगुण, आणि माझ्या आतून गरम वास. अल्पेशची धाकटी बहीण रुचिका तिथेच उभी होती. तिने झटकन पिन उपटली म्हणून मी वाचलो. “जाऊ दे, फुकट गेले पैसे,” म्हणत अल्पेशने मला गोदामात टाकलं.

गोदाम जुन्या मिठागराच्या काठाला होतं. खारी, ओली हवा. माझ्या मखमली गाद्यांवर बुरशी धरली, वायरींचा गुंता माझ्या मानेवर येऊन पडला. बाहेर दिवसभर कंटेनरचे ट्रेलर मागे-पुढे होत, त्यांचं टूं-टूं मी ऐकत बसे. मला वाईट वाटत होतं. पडून राहण्याचं तेवढं नाही, पण आपल्यात काय आहे हे कुणाला कळलंच नाही, याचं फार वाईट वाटत होतं.

आता सत्यवतीआत्याबद्दल, मला मागाहून कळलं ते सांगतो. ती अल्पेशच्या वडिलांची, चांगदेवांची थोरली बहीण, आणि गावाची धवलारीण. आगरी लग्नात मंडप उभा राहतो तेव्हा धवलारीण धवला गाते. गावदेवीला, शेताच्या बांधाला, होऊन गेलेल्या वाडवडिलांना ती नाव घेऊन बोलावते आणि नवरीचं नाव त्यांच्या कानावर घालते. आसपासच्या गावांतल्या कितीतरी मुली आत्याच्या धवल्याने सासरी गेल्या होत्या. पण गेल्या वर्षी तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. आजार गेला आणि जाताना आवाज घेऊन गेला. आता नुसती कुजबुज उरली होती, तीही हातभर अंतरावर विरून जाई. गंमत अशी की तिचा गळा गेला होता, कान नव्हे, तरी गावातले लोक तिच्याशी ओरडून बोलत. ती बिचारी हसून घेई.

आणि घरात लग्न ठरलं. अल्पेश आणि रुचिकाची मधली बहीण पूनम हिचं.

“आत्या, टेन्शन नको घेऊ,” अल्पेश म्हणाला. “बाबांनी भरलेली तुझी कॅसेट हाय ना? मी कधीच कॉम्प्युटरवर घेतलीय. चार टॉप स्पीकरवर लावतो, पार करंजापर्यंत आयकू जाईल.”

आत्याने मान हलवली. रुचिकाने तिच्या तोंडाशी कान नेला आणि तिचं म्हणणं सगळ्यांना सांगितलं, “आत्या बोलते, त्या टेपमधी मनुबाईचा नाव हाय. तिच्या लग्नाचा धवला तो. पूनमचा नाव कोन घेल? टेपनं बोलवल्यावर देव येतंय का? जित्या मानसानं बोलवाला लागतं.”

आत्यानंतर गावात धवला येणारं दुसरं कुणी राहिलं नव्हतं. पूनमचे डोळे भरून आले. तेव्हा रुचिका म्हणाली, “मी शिकते.”

बोलून गेली खरी, पण शिकायचं कसं? कॅसेट स्पीकरवर लावली तर बायांचा गलका, पोरांची रडारड आणि टोपांचा खणखणाट यांत आत्याचे शब्द बुडून जात. रुचिकाने आपले कानात खुपसायचे ते छोटे इअरफोन घातले. शब्द थोडे उमगले, पण कान बंद झाल्यामुळे तिला स्वतःचा आवाज नीट ऐकू येईना. ती डोळे मिटून मन लावून गात होती आणि सूर भलत्याच गावाला निघाला होता. पूनम रडायची थांबून हसायला लागली. शेजारी बसलेल्या आत्याला तर टेप ऐकूच येत नव्हता, मग ती चूक दाखवणार तरी कशी?

अल्पेश हे बघत होता, आणि त्याला माझी उघडी पाठ आठवली. त्याचं मला खरंच कौतुक वाटतं. तो उठला, गोदामात गेला आणि माझ्या मानेवरचा गुंता सोडवून मला घरी घेऊन आला. माझ्या गाद्या त्याने स्वतःच्या हाताने पुसल्या. मग त्याने खोकं उलटं केलं आणि तळ वाचला. आणि कपाळावर हात मारून घेतला.

“बाबा, पंधरा इंची स्पीकरला कोनता अ‍ॅम्प लागतो ते मी झोपेत सांगेन. आनि ह्याला मी एकदा उपाशी ठेवला, एकदा ठासून मारला! ह्याला बी ह्याच्या मापाचा लागनार ना!”

“मंग आन की मापाचा,” चांगदेव म्हणाले.

अशा रीतीने माझा जोडीदार घरात आला. दिसायला अगदी साधा. डब्याएवढी काळी पेटी, पुढे एक गोल बटण, वर एक बारीकसा दिवा. रुचिकाने मला त्याला जोडलं आणि बटण फिरवलं. आधी काहीच ऐकू आलं नाही. खरखर नाही, गुणगुण नाही, नुसती स्वच्छ शांतता. मला इतका आदर आजवर कुणी दाखवला नव्हता. गाणं सुरू झालं तेव्हा तो मला लागेल तेवढंच देत राहिला. सूर चढला की जोर वाढवी, सूर उतरला की हात आखडता घेई, आणि स्वतःचं एक अक्षर मध्ये घालत नसे. मी जन्मात पहिल्यांदा पोटभर जेवलो. आजही लोक माझी तारीफ करतात तेव्हा मला वाटतं, अर्धी तारीफ त्या काळ्या पेटीची आहे.

तरुणपणी बोटीवर असताना चांगदेवांनी दोन माइकचा टेप आणला होता. एक माइक त्यांनी बहिणीपुढे ठेवला होता, दुसरा बायांच्या घोळक्यात. ते दोन्ही आवाज आता माझ्या दोन वाट्यांतून वेगवेगळे झाले. पोरं डावीकडे रडत राहिली, टोप मागे वाजत राहिले, आणि उजवीकडून सत्यवतीआत्या आली. ठणठणीत, तरुण, ओळ संपता संपता हळूच श्वास घेणारी. रुचिकाने मला डोक्यावरून काढलं आणि आत्याच्या डोक्यावर चढवलं.

आत्या ऐकत राहिली. तिने आयुष्यभर गायलं होतं, पण आपण गातो कसे हे तिने कधी ऐकलं नव्हतं. माझ्या गाद्या ओल्या झाल्या आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

“इतका गला व्हता माजा?” ती कुजबुजली.

“व्हता नाय, हाय,” रुचिका म्हणाली. “मना शिकव.”

आणि शिकवणी सुरू झाली. मला रुचिका घाले आणि आत्या तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसे. माझ्या जाळीतून सांडणारं गाणं आत्याला ऐकू येई. त्याच जाळीतून रुचिकाला स्वतःचा आवाज ऐकू येई, आणि ओळ चुकली की आत्याने मांडीवर मारलेली टिचकीही. ज्या उघड्या पाठीपायी मला मंडपात बोलणी खावी लागली, तीच इथे कामाला आली. मनुबाईच्या नावाच्या जागी रुचिका पूनमचं नाव घाली, आणि स्वयंपाकघरात भाकऱ्या थापणारी पूनम तेवढ्यापुरती थांबे. ट्रेलरचं टूं-टूं आत येत होतं, बोंबलाच्या कालवणाला फोडणी बसत होती. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुंदर दिवस.

पण एक खोट होती. मी डोक्यावर असलो की रुचिका छान गाई, कारण पुढची ओळ माझ्यातून येणार हे तिला ठाऊक असे. मला काढलं की ती मध्येच अडखळे. मंडपाचा दिवस आला तरी ती धाकधूक गेली नव्हती. रुचिका इतकी घाबरली होती की नवी साडी नेसून, मला गळ्यात अडकवून तशीच अंगणात आली. माझी पिन कशालाही जोडलेली नव्हती. तरी तिचा मला धरलेला हात सुटेना. आत्याने ते पाहिलं. तिने मला शांतपणे रुचिकाच्या गळ्यातून काढलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं, वायर कमरेला खोचली. पाहुणे बघतच राहिले. हातात अक्षता, कपाळभर कुंकू आणि गळ्यात हेडफोन अशी धवलारीण त्यांनी कधी पाहिली नव्हती.

उंबराची फांदी मंडपाला बांधली गेली. रुचिकाने सुरुवात केली. गावदेवी आली, बांध आला, घरातले वाडवडील एकेक करून आले. आवाज थोडा कापरा होता, पण सूर सरळ होता. मग पूनमच्या नावाच्या आधीची ओळ आली आणि ती थांबली. ओळ आठवेना. अंगणात कुजबुज सुरू झाली. पाहुण्यांतला कुणीतरी अल्पेशला म्हणाला, “अरे, लाव ना तुझा टेप. चालंल की!”

अल्पेश यंत्रापाशीच उभा होता, एक बटण दाबायचा अवकाश. रुचिकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. अल्पेशने खाली वाकून मुख्य वायरच सॉकेटमधून उपटली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. एवढ्या मोठ्या स्पीकरच्या भिंतीतून हूं की चूं येईना.

त्या शांततेत आत्या पुढे झाली. तिने रुचिकाच्या कानाशी तोंड नेलं. मी तिच्या गळ्यालाच टेकलेलो होतो, म्हणून मला जाणवलं, तिच्या गळ्यात आवाज नव्हताच, नुसता श्वास होता. पण त्या श्वासात ओळ होती. रुचिकाने ती घेतली आणि मोकळ्या गळ्याने गायली. आत्याने पुढची दिली, रुचिकाने पुढची गायली. गावाला आत्याचं एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि तरी सगळा धवला तिचाच होता. पूनमचं नाव आलं तेव्हा मागच्या बायांनी तो सूर उचलून धरला. पूनम रडत होती, चांगदेव रडत होते, आणि अल्पेश दुसरीकडे तोंड करून उगाचच वायरी गुंडाळत होता.

मित्रांनो, कानाजवळ जाऊन हळू बोलणं, एवढंच माझं काम. त्या दिवशी माझं काम आत्याने केलं, आणि तिने ते माझ्याहून चांगलं केलं.

आता मी रुचिकाच्या कपाटात, कोरड्या डब्यात, माझ्या काळ्या जोडीदाराच्या शेजारी असतो. माझं एक मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला खाऱ्या हवेत टाकू नका, वायर ओढून पिन काढू नका, आणि त्याला त्याच्या मापाचा अ‍ॅम्प्लिफायर द्या. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्या घरात ज्या कुणाचा आवाज बारीक झाला असेल, त्यांच्याशी ओरडून बोलू नका. त्यांच्याजवळ जा, आपला कान त्यांच्या तोंडाशी न्या, आणि ते बोलेपर्यंत थांबा.