पंधरापैकी तेरा दिवस

दोन क्रेडिट कमी म्हणून माझा शेवटच्या वर्षाचा निकाल पेणच्या कॉलेजने अडवून ठेवला होता. रोह्यातल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मला घ्यायचं ठरलं होतं, पण निकाल शनिवारपर्यंत दाखवायचा होता. खरं तर ती दोन क्रेडिट मी मे महिन्यातच मिळवली होती, रोह्याच्या एका कॉलेजात पाणी तपासणीचा उन्हाळी कोर्स करून. ती तेवढी तिकडून इकडे येत नव्हती.

सोमवारी आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्क हैबतरावांनी रोह्याहून मिळालेली माझी हजेरीची स्लिप खिडकीतून परत सरकवली.

“रोह्याच्या यादीत तुझी हजेरी पंधरा दिवस हाय, स्लिपवर तेरा. जुळत नाय गो.”

“पण बारा दिवस पुरतात ना?”

“पुरू देत. कागद जुळाया पायजे.”

माझ्या वर्गातल्या किमयाचे कागद जुळले होते. तिने त्या कोर्सला एक दिवसही तोंड दाखवलं नव्हतं. तिची क्रेडिट जूनमध्येच जमा झाली. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझे तेराच दिवस का, तर मिठागरातलं शेवटचं मीठ उचलायला दोन दिवस मी आईबरोबर होते. वर्गाचं मस्टर सरांनी माझ्याकडेच दिलं होतं, अक्षर चांगलं म्हणून. मीच शहाणी, माझ्या नावापुढे दोनदा गैरहजर लिहिलं. एकोणीस नावांपैकी आम्ही पाचच जणं यायचो. उरलेल्या चौदांपुढेही मी रोज गैरहजरच लिहीत होते.

मंगळवारी कासू स्टेशनला गाडी पकडून रोह्याला गेले. कोर्सचे प्रवीण सर चहात बिस्किट बुडवत बसले होते.

“यादीत मी सगळ्यांनाच पूर्ण हजेरी दिली,” ते म्हणाले. “तुझी स्लिप त्याच्या आधी निघाली, म्हणून घोळ झाला.”

“मग यादीत माझे तेरा करा ना, सर. खरे तेवढेच हायत.”

“एकीचं खरं लिहिलं की बाकीचे उघडे पडतात. नवी स्लिप देतो. पण दुसऱ्यांदा स्लिप म्हटलं की प्राचार्य मस्टर बघूनच सही करतात, आणि मस्टर तुझ्या अक्षरात आहे. नवंही तूच लिही.”

त्यांनी कोरं मस्टर पुढे ठेवलं. वर मलाही चहा मागवला.

मी उठून जायला हवं होतं. शनिवार आठवला आणि बसले. एकोणीस नावं, पंधरा दिवस. किमया हजर. जिची तोंडओळखही नाही ती हजर. ज्या दोन दिवशी मिठाने माझ्या तळपायांना चिरा पडल्या, त्या दोन्ही दिवशी मी रोह्यात हजर. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. मला त्या हाताची किळस आली.

“छान,” सर म्हणाले.

बुधवारी हैबतरावांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोट फिरवलं आणि शिक्का मारला.

घरी आईने दारातच विचारलं, “जालं काय गो?”

“व्हय.”

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “मी म्हनलं नव्हतं? खऱ्या कष्टाचं कुठं जात नाय.”

मी पाय धुवायचं निमित्त करून मागच्या दारी गेले.