वन्सांकडं कललेलं रक्त

रत्नमाला मगदूमच्या दंडातून काढलेलं रक्त नळीत सरळ राहीना. नळी उभी होती, टेबल सपाट होतं, तरी रक्त एका अंगाला चढून बसलं. लॅबमधल्या बाईनं नळी फिरवून ठेवली. रक्त पुन्हा त्याच अंगाला गेलं. त्या बाजूला भिंतीशी बाकडं होतं, आणि बाकड्यावर वन्स बसल्या होत्या, बिस्किटं खात.

"तुम्ही जरा खिडकीपाशी बसता का?" बाई म्हणाली.

वन्स उठून खिडकीपाशी गेल्या. रक्त त्यांच्यामागोमाग वळलं.

"नातं काय?"

"नणंद," रत्नमाला म्हणाली.

"असू दे," बाई म्हणाली, आणि नळीवर नाव चिकटवायला लागली.

ही तपासणी सकाळी, उपाशीपोटी करायची असते. त्याप्रमाणे रत्नमाला काल रात्रीपासून पाण्यावर होती. वन्स सोबत म्हणून आल्या होत्या, आणि सोबतीला येणाऱ्यानं उपाशी राहावं असं कुठं लिहिलेलं नाही म्हणून पोहे खाऊन आल्या होत्या. ते पोहे उपाशी रत्नमालानंच केले होते, हे सांगायला नको.

वन्स म्हणजे कमलश्री मगदूम, शाळेतल्या निवृत्त पी.टी.च्या बाई. लग्न केलं नाही. माझ्या तोलाचा कुणी भेटला नाही म्हणायच्या, आणि ते खरंही असेल, कारण त्यांची उंची अजून थांबली नव्हती. मिरजेच्या त्या घरातल्या चौकटी त्यांच्यासाठी दोनदा वर चढवल्या होत्या. सुतारानं काही विचारलं नाही. घरात नणंद वाढती असली की चौकट चढवावीच लागते, एवढं सुताराला कळतं. रत्नमाला मात्र दरवर्षी साडी कमरेला थोडी जास्त खोचत होती. यजमान गेले, सासूबाई गेल्या, लेक लग्न होऊन बंगळूरला गेली, आणि घरात ह्या दोघी उरल्या, एक चढणारी आणि एक उतरणारी. मागच्या महिन्यात वन्सांसाठी पोळी लाटताना तिनं लाटण्यावर जरा जोर दिला, तर मनगटच मोडलं. प्लास्टर निघालं तसं डॉक्टरांनी औषधाआधी रक्त तपासायला सांगितलं.

डॉ. शिरगुप्पे शांत बाई होत्या. त्यांनी नळी टेबलावर ठेवली आणि रक्त कुणीकडं कलतंय ते बघितलं.

"कॅल्शियम ठीक आहे. ड जीवनसत्त्व ठीक. किडन्या उत्तम," त्या म्हणाल्या. "हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. तुमचं मोडणं फार आहे. मोडलेलं रक्तात उतरतं, ते इथं कळतं. बहुतेकांचं पुढं लघवीवाटे जातं. तुमचं घराबाहेर गेलेलंच नाही."

"मग कुठं आहे?"

डॉक्टरांनी पेनानं वन्सांकडं दाखवलं.

"माझ्याकडं काय बघताय?" वन्स म्हणाल्या. "मी काय मागायला गेले होते?" खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

"घरात वाढतं कोण?" डॉक्टरांनी रत्नमालाला विचारलं.

"मी."

"यांना आग्रह करता?"

"आग्रहाशिवाय त्या घेतच नाहीत."

"मग बरोबर आहे. आग्रहानं वाढलं की वाढणारीचं हाड जातं. नुसतं वाढलं तर जात नाही."

आग्रहाचं असं होतं, की वन्स आयुष्यभर 'नको नको वहिनी' म्हणत जेवल्या. नको म्हणताना लोक ताटावर हात आडवा धरतात. वन्स हात ताटाच्या शेजारी धरायच्या, म्हणजे पोळी नेमकी ताटात पडावी. आग्रह केला नाही तर दोन दिवस घरात तोंड पाडून फिरायच्या.

"परत मिळेल का?" रत्नमालानं विचारलं.

"गेलं त्याच वाटेनं येतं. त्यांनी वाढायचं, तुम्ही जेवायचं. पण उद्या दुपारी मी घरी येऊन तुम्हाला इंजेक्शन देणार. ते ज्याच्या शिरेत गेलं त्याचं हाड मग जागचं हलत नाही. कितीही आग्रहानं वाढा, जात नाही. ज्याला मिळालं नाही, त्याचं जात राहतं."

"एकच आहे इंजेक्शन?" वन्सांनी विचारलं.

"एकच. पुढचं वर्षानं."

वन्सांनी शेवटचं बिस्किट तोंडात टाकलं आणि पुडा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. रत्नमालानं नळी मागून घेतली आणि पदराच्या टोकात बांधली.

रिक्षात बसल्यावर पदराला ओढ लागली होती, वन्सांच्या बाजूनं. ती ओढ धरून बसलेल्या रत्नमालाला आईचे लाडू आठवले. लेकीच्या वेळी आई जयसिंगपुराहून एसटीनं आली होती, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. डिंक तुपात तळलेला, खारीक कुटलेली, वर खसखस. बाळंतिणीची कंबर धरावी म्हणून करतात ते लाडू. सासूबाईंनी डबा फडताळात ठेवला आणि आई गेल्यावर म्हणाल्या, कमळीच्या कबड्डीच्या मॅची आहेत, तिला ताकद पाहिजे, तू काय, घरातच असतेस. वर रत्नमालालाच सांगितलं, तिला रोज दे, आग्रह कर, ती लाजते. ओली बाळंतीण आपल्या आईचे लाडू नणंदेला आग्रहानं वाढत राहिली. तिच्या वाटणीला डब्याच्या बुडाची खसखस आली. वन्सांना त्या वर्षी ढाल मिळाली. ती अजून बाहेरच्या खोलीत टांगलेली आहे आणि तिच्यावरची धूळ रत्नमालाच पुसते.

इतकी वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. रागही आला नव्हता, की आला होता आणि तिनं तो पोळीत लाटून टाकला, देव जाणे. आता मात्र आला. असा आला की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

"उद्या तुम्ही वाढायचं," ती म्हणाली.

"मी? मला कुठं वाढता येतं?"

"नसेल येत तर राहू दे. मी ही नळी आपल्या कट्ट्यावर ठेवते. गल्लीतल्या बायका दळणाला जाताना बघतील, कुणाचं रक्त कुणाकडं कलतंय."

वन्सांनी पदराच्या गाठीकडं बघितलं. गल्लीत त्यांचं मोठं नाव होतं. ताठ बाई म्हणून शाळेतल्या पोरींना त्यांचं उदाहरण देत.

"काय काय करायचं जेवायला?" त्यांनी विचारलं.

"ते मी करते," रत्नमाला म्हणाली. वन्सांना चहासुद्धा धड जमत नव्हता. तेव्हा बघा, सूड घ्यायचा तर त्याचा स्वयंपाकही बाईनं स्वतःच करायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं पुरण घातलं, कटाची आमटी केली, भात, कुरडया, भजी. मनगट दुखत होतं, तरी एकेक पोळी अशी लाटली की आतलं पुरण दिसावं. मग तिनं हात धुतले, पाट मांडला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून आधी बसली.

वन्सांनी पोळी वाढली. रत्नमालानं खाल्ली. काही झालं नाही.

"आग्रह करा."

"कसा करतात?"

"पन्नास वर्षं बघितलाय की."

वन्स खाकरल्या. "घ्या."

"नको."

"बरं," वन्स म्हणाल्या आणि पोळी परत टोपल्यात ठेवली.

"बरं नाही म्हणायचं," रत्नमाला म्हणाली. "मी नको म्हणणारच. तुम्ही म्हणायचं, असं कसं, एवढीच घ्या, माझी शपथ आहे. आणि तूप धरायचं."

"असं कसं वहिनी," वन्स कवायतीच्या आवाजात म्हणाल्या, "एवढीच घ्या. माझी शपथ."

पोळी ताटात पडली. रत्नमालानं घास घेतला आणि तिचं मनगट आतून भरून आलं. बांगडी घट्ट झाली. समोर वन्सांचा तुपाचा चमचा थोडा खाली झुकला.

दुसऱ्या पोळीला गुडघे आले. आमटीच्या आग्रहाला कंबर आली. भात वाढताना वन्सांनी 'संध्याकाळपर्यंत भूक लागेल हो' असं स्वतःच्या मनानं जोडलं, आणि रत्नमालाची पाठ सुकं खोबरं फुटावं तशी कडकन वाजून सरळ झाली. तिला फडताळाचा वरचा कप्पा बसल्या जागेवरून दिसला. तिथं आईचा लाडवांचा डबा होता, रिकामा, झाकण उघडं. वन्स आता चौकटीखालून मोकळ्या ये-जा करत होत्या. मग त्यांची मान खांद्यात बसली, मग साडी पायात यायला लागली. एक वेळ अशी आली की दोघींची उंची रत्नमालाच्या लग्नात होती तेवढी झाली, आणि तिला ते कळलं. अंगात कळलं. जे तिचं होतं ते सगळं आलं होतं.

इथं ताटावर हात आडवा धरायचा होता.

"पुरे का वहिनी?" वन्सांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

रत्नमालाला आई दिसली, रिकामी पिशवी घडी घालून एसटीत चढणारी. तिनं खिडकीतून विचारलं होतं, लाडू खातीस नव्हं गं रोज? आणि रत्नमाला होय म्हणाली होती. त्या होयचं काय करायचं? ते कुठल्या वाटेनं परत येतं?

"तुम्हाला आग्रह करता येत नाही अजून," ती म्हणाली. "वाढा."

आता येत होतं ते तिचं नव्हतं, आणि ते तिला जास्त गोड लागलं. वन्स ओट्याला धरून वाढू लागल्या, मग गुडघ्यांवर, मग बसून, मग जमिनीशी सपाट होऊन, फक्त पळी तेवढी वर. पण आग्रह त्यांना आता चांगलाच जमला होता. "कुरडई राहिलीच की. आमच्या हातचं गोड लागत नाही वाटतं? असं रुसायचं नसतं हं. एक माझ्या नावाची, एक दादाच्या नावाची." त्यांना त्यात मजा वाटायला लागली होती. इतकी वर्षं आपण ही मजा दुसरीलाच घेऊ दिली, असंही त्या म्हणाल्या.

रत्नमालाचं डोकं छताच्या वाशाला लागलं. तिनं ताटाकडं हात नेला, तो गेला नाही. कोपर वळेना. मान वळेना. ताट खाली फार लांब होतं आणि त्यात अर्धी पोळी तुपात भिजत पडली होती. तिला वाकता येत नव्हतं. अंगात दोन बायकांची हाडं असल्यावर वाकायला जागा राहत नाही.

"थांबा," खालून वन्स म्हणाल्या. "मी भरवते."

त्या तिच्या पायावरून वर आल्या. अंगात काही नसल्यामुळं त्यांना सोपं गेलं. कमरेला एक वेढा घेऊन, पाठीवरून, त्या तिच्या खांद्यावर धुतलेल्या लुगड्यासारख्या पडल्या आणि पोळीचा घास तिच्या तोंडाशी आणला. तिनं ओठ मिटले. वन्सांनी कानाशी अगदी गोड आवाजात 'माझी शपथ' म्हटलं. शपथ मोडायची नाही एवढं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. तोंड उघडलं. घास मोठा होता.

दार वाजलं. डॉ. शिरगुप्पे आत आल्या, चप्पल काढून, बॅग घेऊन. त्यांनी एकदा छताकडं बघितलं, स्टूल ओढलं आणि सलाईनची बाटली खुंटीला लावली.

"जेवण झालं वाटतं," त्या म्हणाल्या. "छान. हात पुढं करा, मगदूम बाई."

रत्नमाला हात पुढं करायला गेली. तो हलला नाही, अंगाला चिकटून सरळ राहिला. ती सांगायला गेली, पण तोंडात पुरण होतं आणि त्याच्यामागून दुसरा घास येत होता. तिनं डोळ्यांनी खूण केली. डॉक्टर सुई उघडत होत्या.

पदराखालून, तिच्या खांद्यावरून, एक हात पुढं आला. मऊ होता, मनगटाला घडी पडत होती, पण शीर ठळक दिसत होती. डॉक्टरांनी तो मांडीवर घेतला, दंडाला रबर बांधलं आणि कापसानं पुसलं. ज्याला मिळालं नाही त्याचं जात राहतं, हे रत्नमालाला वर छताशी आठवलं.

"मूठ आवळा," त्या म्हणाल्या.

मूठ आवळली गेली.