भिंतीचं पोट

आदगोंडानं छतापासून फरशीपर्यंत दोरी ताणून धरली. वर दोरी भिंतीला लागेना, खाली लागेना, मध्ये मात्र भिंतीवर टेकून चांगली वाकली. त्यानं मान हलवली.

"सुभेदार, पोट आलंय."

हंबीररावांनी झटकन श्वास आत ओढून शर्ट नीट केला.

"तुमचं न्हाई वो, भिंतीचं. तुमचं जुनं हाय."

आदगोंडाचं विश्रामबागेत ग्रील-शेडचं वर्कशॉप होतं. रोज संध्याकाळी या तळघरात पत्ते कुटायला यायचा, त्यामुळं असलं बोलायचा हक्क त्यानं कमावला होता. हंबीररावांनी आजवर लय अधिकारी झेलले होते, पण भिंतीनं आपल्याच घरात आपल्या अंगावर यावं हे काही त्यांना झेपेना.

आता चूक कुणाची म्हणाल, तर ती पाटणची. हंबीरराव पाटणकडचे. तिकडं पहार मारली की ठिणगी उडते. अशा खडकातला माणूस निवृत्त झाला आणि सांगलीत, काळ्याभोर मातीत, हौसेनं तळघर काढून बसला. बायको, राजेश्वरी, वाळव्याकडची. तिनं जोत्याच्या वेळीच सांगितलं होतं, "आवं, ही माती पाणी प्याली की फुगती. तळघर नको." हे ऐकतील तर शपथ. शेवटी तिनं गवंड्यांच्या देखत कबूल करून घेतलं, की ज्या दिवशी भिंत हलंल त्या दिवशी तळघर मुरुमानं भरायचं. हंबीररावांनी मिशीवर हात फिरवून सुभेदाराचा शब्द दिला. शब्द द्यायला काय जातंय.

आता मात्र तो शब्द आठवला. गल्लीला वाटायचं, सुभेदाराला पत्त्यांसाठी तळघर पाहिजे. पत्ते काय, झाडाखाली बसूनही खेळता येतात. खरं कारण निराळं होतं. वरच्या खोलीत, उघड्या खिडकीपाशी, या माणसाला झोपच लागत नव्हती. सगळी नोकरी सरहद्दीवर, मातीत खणलेल्या बंकरमध्ये झोपून काढलेली. रात्रभर वर कूस बदलायची आणि दुपारी जेवण झालं की खाली येऊन, चहूबाजूंनी माती आहे या भरवशावर, मेल्यासारखं झोपायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सुभेदाराला उघड्या खिडकीचा त्रास होतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

"आदगोंडा, ही गोष्ट पोटात ठेव," ते म्हणाले.

"ठेवतो की. पण भिंतीच्या पोटाचं काय? आतनं लोखंडी गर्डर उभं करू. पाय फरशीत काँक्रीट करून रोवायचा, डोकं वरच्या बीमला बोल्टनं जखडायचं. वर नट ठेवतो. माती वाळंल तसा हळूहळू आवळायचा. घाई केली तर भिंत तडकंल."

दिवसा आदगोंडा वर्कशॉपात, त्यामुळं त्याच्याशी पुढचं ठरवायचं तर फोनवर. आणि फोन म्हणजे हंबीरराव परेडच्या आवाजातच बोलायचे.

"व्हय, व्हय, पोट पुढंच यायला लागलंय. आता पट्टा आवळल्याशिवाय गत न्हाई. कळू द्यायचं न्हाई बरं का तिला," असं ते अंगणात फिरत सांगत होते. वळून बघतात तर राजेश्वरीबाई कपड्यांची बादली घेऊन उभ्या.

"कुणाचं पोट?"

सुभेदारांच्या डोक्यात लखकन काहीतरी चमकलं. चमकलं नसतं तर बरं झालं असतं.

"माझंच की. डॉक्टर म्हणाले व्यायाम पाहिजे. खाली व्यायामशाळा काढतोय. लोखंडी खांब बसवायचे. तुला चकित करायचं हुतं."

बाईंनी नवऱ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग बादलीतला टॉवेल पिळत म्हणाल्या, "बरं झालं. उशिरा का हुईना सुचलं."

थोड्याच दिवसांत बाई शिरवळला लेकीकडं, दीपमालाकडं गेल्या. एसटी स्टँडवरून हलली तसा आदगोंडाचा टेम्पो दारात. गर्डर उतरले, फरशी फुटली, वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या. बाई परतल्या तेव्हा फुगलेल्या भिंतीशी काळ्या रंगाचे गर्डर सावधानच्या थाटात उभे होते. मागं भिंतीवर आदगोंडानं कुठूनसं आणलेलं पैलवानाचं भलंमोठं चित्र, बरोबर पोटावर. चित्रातला पैलवान त्यामुळं जरा जास्तच धष्टपुष्ट दिसत होता.

बाईंनी एका गर्डरला हात लावून हलवून बघितला. मग खुर्ची ओढली आणि पदर खोचून बसल्या.

"हं. करा की."

"काय?"

"व्यायाम. खांब कशाला बसवल्यात?"

आता काय करता? सुभेदार गर्डरला लोंबकळले. क्षणभर लोंबकळले आणि जमिनीवर आले. बाई जाग्यावरनं हलल्या नाहीत. मग त्यांनी गर्डरला धरून बैठका काढल्या, पाय वर करून बघितले, घामाघूम झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची पुन्हा हजर. ताटातली भजी गेली, तेलाची धार आटली, भाकरीबरोबर दुधी आला आणि दुधी जायचं नावच घेईना. मध्येच कधी सुभेदार वरचा नट आवळायला पाना घेऊन चढले, की बाई शांतपणे विचारायच्या, "व्यायामाला पाना कशाला लागतो वो?"

"बळकटीला," असं उत्तर ठरलेलं.

पण खरं सांगायचं तर भिंत ऐकायला लागली. पैलवानाचं चित्र थोडं सपाट झालं. दुपारची झोप शाबूत राहिली. हंबीररावांना वाटलं, जिंकलो.

मग एका संध्याकाळी आदगोंडानं पत्ते खाली ठेवले. "सुभेदार, आतनं कितीबी लोखंड लावा. भायेरचं पाणी तोडल्याशिवाय ह्या गर्डरांचा काय उपेग न्हाई. वैनींच्या केळी बघितल्या न्हवं?"

बरोबर त्या भिंतीच्या मागं, वरच्या अंगाला, राजेश्वरीबाईंची केळीची बाग. वॉशिंग मशीनचं सगळं पाणी तिकडं जायचं. पाइपला एक कॉक होता. एका बाजूला फिरवला की पाणी केळींना, दुसऱ्या बाजूला फिरवला की गटारात. बाईंच्या केळी म्हणजे गल्लीत कौतुकाचा विषय, गणपतीला पानं इथूनच जायची. अलीकडं मात्र त्या जरा मलूल दिसत होत्या. कॉक बंद करा म्हणावं, तर बाई कारण विचारणार.

बाई देवळात गेल्या तसे सुभेदार केळीत शिरले. पाला साचलेला, डास घोंघावतायत. त्यांनी पाल्यात हात घातला, कॉक चाचपला आणि न बघताच करकचून फिरवला. शत्रूचा पाणीपुरवठा तोडल्याच्या थाटात बाहेर आले.

आणि गंमत बघा. मलूल झालेल्या केळी तरारल्या. नवी पानं सुटली, एकीला तर केळफूल लोंबायला लागलं. हंबीरराव रोज दात घासत त्यांच्याकडं बघायचे. पाणी तोडलंय तर ह्या पितात काय? इकडं तळघरात भिंतीला घाम फुटला. पैलवानाचं पोट परत पुढं आलं, छातीच्याही पुढं गेलं. एका दुपारी सुभेदार खाली गाढ झोपलेले असताना गर्डरच्या पायाशी फरशी काडकन उकलली. ते उठून बसले. पुढं झोप आली नाही. रात्री वर तर नव्हतीच. असे दोन-चार दिवस गेले आणि त्यांना कळून चुकलं, की आता शब्द पाळायची वेळ आली. लपवून उपयोग नव्हता.

बाई परसात भांडी घासत होत्या. सुभेदार समोर जाऊन उभे राहिले, हात आपोआप पाठीमागं.

"ती व्यायामशाळा न्हाई," ते म्हणाले. "भिंतीला पोट आलंय. गर्डर त्याला लावल्यात. तुझ्या केळीचा कॉकबी मीच फिरवला. तरी भिंत थांबंना. शब्द दिलाय तर मुरूम सांगतो. फक्त," इथं त्यांचा परेडचा आवाज बसला, "फक्त मला वर झोप लागत न्हाई गं. खिडकी उघडी असली की कोणतरी बाहेर हाय असं वाटतं."

बाईंनी हातातली कढई खाली ठेवली.

"कॉक तुमी फिरवला?"

"व्हय. गटाराकडं."

"आवं, तो मी कवाच गटाराकडं फिरवलेला. तुमचं ते फोनवरचं बोलणं ऐकलं त्याच दिवशी. केळी सुकल्या तरी चालंल म्हटलं. तुमी तो परत केळीकडं करून ठेवलासा."

हंबीररावांनी वळून तरारलेल्या केळींकडं बघितलं.

"तुला ठाऊक हुतं?"

"भिंत फुगलेली दिवाळीच्या साफसफाईलाच दिसली हुती मला. तुमच्याआधी."

"मग मुरूम का न्हाई सांगितलास?"

बाईंनी राखेचा हात कढईवर पुन्हा फिरवायला सुरुवात केली. वर बघितलं नाही. "रातभर तुमी माझ्या शेजारी जागं असता. मला काय झोप लागती व्हय? दुपारी तुमी खाली घोरायला लागला की त्यो आवाज फरशीतनं वर येतो. तवाच माझा डोळा लागतो. तळघर बुजवून मी झोपू कवा?"

सुभेदार तिथंच नळाच्या कट्ट्यावर बसले. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं.

"मग ते रोजचं लोंबकळणं? त्या बैठका? तो दुधी?"

"पोट दोघांचंबी आलं हुतं," बाई कढई पालथी घालत म्हणाल्या. "भिंतीचं बघायला आदगोंडा हाय. तुमचं कोण बघणार? जावा, कॉक फिरवून या. ह्या वक्ताला बघून फिरवा. मग खाली चला, मी खुर्ची घेऊन येते."