आंबेखोलचा रक्तदाब

आंबेखोल ग्रामस्थ मंडळाच्या आरोग्य योजनेचा नियम कडक होता: रक्तदाब मोजल्याशिवाय कार्डावर शिक्का नाही, आणि शिक्का नसेल तर मुलुंडच्या इस्पितळात मंडळाची मदत नाही. नियम गुणाजींचा. चिटणीस तेच, आणि शिक्काही त्यांच्याच खिशात.

दुसरा नियम कुठे लिहिलेला नव्हता. शिबिराआधी यंत्र तपासायचं ते गुणाजींच्या दंडावर. आकडा जास्त आला, की यंत्र नादुरुस्त. घाटकोपरला भटवाडीत मंडळाची खोली होती; तिथल्या कपाटात अशी चार नादुरुस्त यंत्रं होती. पाचवं मात्र गुणी. गुणाजींना ते एकशेअठ्ठावीस दाखवायचं. खरं तर ते सगळ्यांनाच एकशेअठ्ठावीस दाखवायचं. एकदा कुणीतरी पट्टा टेबलाच्या पायाला बांधला, तर टेबलाचीही तब्येत उत्तम निघाली.

त्या रविवारी ऐन शिबिराच्या तोंडावर पाचव्याने मान टाकली. नवं यंत्र खोक्यातून निघालं. गुणाजींची मुलगी शर्मिष्ठा नेहमीप्रमाणे वही घेऊन बसली होती. पट्टा फुगला, सैलावला. दोनशेचार.

"माका काय धाड भरली?" गुणाजी म्हणाले. "दाब ह्या मशीनाक झालो हा. लिही गो बाय, नादुरुस्त."

"अरे, आत्ता खोक्यातून काढलं ना!" अध्यक्ष श्यामसुंदरकाका म्हणाले.

"म्हणानच. कामाची सवय नाय त्याका."

रांगेतली चाळीस माणसं खदाखदा हसली. शर्मिष्ठाचं पेन तेवढं थांबलं. यंत्राबरोबर आलेली माहितीपत्रिका तिने आदल्या दिवशीच वाचली होती: आकडा एकशेऐंशीच्या वर गेला, तर लगेच डॉक्टर गाठा. ती छापील काहीही वाचायची. पण गावासमोर बाबांना काय बोलायचं? घरी बोलू, असं ठरवून तिने वळणदार अक्षरात 'नादुरुस्त' लिहिलं. शिबिर पुढे ढकललं गेलं. घरी कोळंबीचं कालवण होतं आणि बाबा खुशीत होते. बोलायचं राहिलं.

सोमवारी सकाळी अर्ध्या गालाची दाढी झालेली असताना गुणाजी कोसळले. डोक्यात रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. दुपारपर्यंत सगळं संपलं.

शोकसभा आणि राहिलेलं शिबिर मंडळाने एकाच रविवारी ठेवलं. माणसं तशीही येणारच होती. त्यामुळे आधी रांग कशाची लावायची, फुलं वाहायची की दंड पुढे करायचा, यावर पंधरा मिनिटं वाद झाला. मग भाषणं झाली. पहिले वक्ते गावच्या रस्त्यावर घसरले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. दुसऱ्यांनी छातीठोक सांगितलं, की गुणाजींना आयुष्यात कधी दुखणं म्हणून माहीत नव्हतं.

"वहीत बघा! कधी एकशेअठ्ठावीसच्या वर गेला नाही गडी."

वही शर्मिष्ठाच्या मांडीवर होती. तिने ती मिटली.

शेवटी श्यामसुंदरकाका उठले. "चिटणीस गेले, पण पद्धत मोडायची नाही," असं म्हणून त्यांनी बाही वर सारली. तेच नवं यंत्र. पट्टा फुगला. एकशेअठ्ठ्याण्णव.

"वाट लागली," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"कसली वाट?" काका उखडले. घामाने त्यांची कानशिलं चमकत होती. "गुणाजीने आधीच सांगितलं होतं, हे मशीन फालतू आहे. लिही गं शर्मिष्ठा. नादुरुस्त."

सगळे तिच्या पेनाकडे बघत होते. तिने ते टोपण लावून खाली ठेवलं.

"नाही लिहिणार, काका."

"अगं, बाबांची पद्धत..."

"मशीन चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलं होतं, आणि मला ते माहीत होतं." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "'बाबा, उठा, आपण डॉक्टरकडे जाऊ.' एवढंच म्हणायचं होतं मला. लोक हसत होते, म्हणून नाही म्हटलं. काका, तुम्ही उठा. चपला घाला. मी येते बरोबर."