सात फुलं, न बोलता

टोरुन मॅडमना आठवण झाली तेव्हा मगरिबची, सांजेची बांग होऊन गेली होती आणि मी ओटा पुसत होते.

मॅडम नॉर्वेच्या. आखातात, सीबच्या त्यांच्या घरी मी आठ वर्षं स्वयंपाक केला. साहेब २०१४च्या माघात गेले. त्याच वर्षीच्या जूनअखेरीला मॅडम कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जिना उतरवत नव्हता.

मला वर बोलावून म्हणाल्या, आज तेवीस जून. त्यांच्याकडे आज पाण्याकाठी आपल्या होळीसारखी आग पेटवतात, आणि पोरी सात तऱ्हेची फुलं तोडून उशाखाली ठेवतात. स्वप्नात होणारा नवरा दिसतो. तोडताना मात्र चकार शब्द काढायचा नाही.

"मला झालेलाच बघायचाय," मॅडम म्हणाल्या. "गेल्यापासून एकदाही स्वप्नात आला नाही. आणशील, कला?"

हो म्हटलं आणि दारातच अडले. दिवेलागणीनंतर फूल तोडू नये, झाडं निजलेली असतात. दार्सैतच्या देवळात बुवांनी हे कीर्तनाच्या पूर्वरंगात गाऊन सांगितलं होतं, आणि झांजेच्या ठेक्यावर मीच डोलले होते. मॅडमच्या गावी आज सूर्य मावळता मावळत नाही. त्यांना ही अडचण कुठून कळणार?

मग गळालेली वेचली. कण्हेर, चाफा, गुलमोहर, बोगनवेल, जास्वंद, सदाफुली. रामकृष्णहरीसुद्धा ओठांवर येऊ दिलं नाही. सातवं काही मिळेना. उरला साहेबांच्या कुंडीतला मोगरा. एकच उमललेला, देठाला घट्ट. हात लावला आणि तोंडून निघूनच गेलं, "माफ कर गं बाई, उठवते तुला. कामच तसं आहे."

खलास.

खोटं काही बोलवेना. वर जाऊन सगळं सांगितलं, गळालेल्या फुलांचंही. मॅडम मोगरा हुंगत बसल्या. झाडाशी बोललेलं बोलण्यात धरतात का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. सातही फुलं त्यांनी उशाखाली सारली.

सकाळी चहा घेऊन गेले तर उशी छातीशी धरून बसलेल्या.

"आला होता."

"काय म्हणाले साहेब?"

"काही नाही. कुंडीला पाणी घालत होता. मी किती हाका मारल्या." डोळे पुसून त्या हसल्या. "आपल्यात त्यानेच तेवढा नियम पाळला, कला."